जर्मन मशीन आणि जिन्याची भिंत

अण्णा पडले ते घरात, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला पाय अडकून. शिक्षा मात्र त्यांना जिन्यानं दिली. खुब्याचं हाड जुळलं, डॉक्टरांनी काठी हातात देऊन "आता चालायला लागा" म्हणून मोकळं केलं, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत अण्णा आठ महिने अडकून पडले. इमारतीचा जिना दोन भिंतींच्या मधून बोळासारखा उतरणारा. पायऱ्या उंच, कडा झिजलेल्या आणि धरायला काही म्हणजे काही नाही. हात ठेवायचा तर सपाट भिंतीवर, आणि भिंत काही कुणाचा हात धरत नाही.

अण्णांची मुलगी एकावन्न वर्षांची. विजेच्या जळालेल्या मोटारींच्या तारा काढून नव्या भरायच्या, हे काम ती एका वर्कशॉपमध्ये सत्तावीस वर्षं करत होती. अख्ख्या बाजारात तिला वाइंडिंगताई म्हणत. लग्नाच्या भानगडीत ती पडली नव्हती. अण्णांना ते पटलं नव्हतं, तिचा धंदाही पटला नव्हता, पण राहायचं दोघांना एकत्रच होतं, त्यामुळे न पटलेल्या गोष्टी त्यांनी घरातल्या जड कपाटासारख्या एका भिंतीला सरकवून ठेवल्या होत्या.

भिंतीला लोखंडी पाइप लावायचा, धरून उतरायला. तिची मागणी एवढीच होती. त्यासाठी तिनं इमारतीच्या कमिटीला तीन अर्ज दिले. पहिल्याला उत्तर आलं नाही. दुसऱ्याला आलं, की जिना अरुंद होईल आणि शोभा जाईल. ज्या जिन्यातला रंग पंधरा वर्षांपूर्वी उडाला होता त्याची शोभा! तिसऱ्या अर्जावर सेक्रेटरींनी तिला कमिटीसमोर बोलावलं. सेक्रेटरी तळमजल्यावर राहायचे. जिना ही वस्तू त्यांना फक्त खालून माहीत होती.

"ताई, मागे तुम्ही माणूस आणला होतात ना, ड्रिलवाला? काय झालं त्याचं?" त्यांनी सगळ्यांकडे बघत विचारलं.

काय झालं ते सगळ्यांना ठाऊक होतं. माणूस नवंकोरं मशीन घेऊन आला, भिंतीला लावलं, आणि अर्ध्या तासात त्याच्या बिटाचं टोक लाल होऊन बोथटलं. भिंतीला देवीचे व्रण असावेत तसे चार खळगे पडले. जुन्या काळचं काँक्रीट, आत काळ्या दगडाची खडी. तो माणूस कपाळ पुसत म्हणाला, "बाई, ही भिंत नाही, डोंगर आहे," आणि गेला तो गेलाच.

"म्हणजे भिंतच नको म्हणतेय," सेक्रेटरी म्हणाले. दोघं-तिघं हसले. "माझं ऐका, वडिलांना खाली कुठंतरी भाड्यानं खोली बघा. नाहीतर असं करा, भिंतीला भोक पाडून दाखवा. पडलं तर लावा पाइप. मी स्वतः टाळ्या वाजवीन."

"हे लिहून घ्या," ती म्हणाली.

"काय?"

"तुम्ही आत्ता बोललात ते. पाडून दाखवलं तर लावा. इथं सात जणांनी ऐकलंय."

पहिल्या मजल्यावरच्या नर्सबाई कमिटीत होत्या. इस्पितळात चौतीस वर्षं काढून निवृत्त झालेल्या, गुडघ्यांनी बेजार. त्यांनी चष्मा नाकावर चढवला आणि वहीत लिहून टाकलं. सेक्रेटरींना वाटलं, गंमत चाललीये.

त्या संध्याकाळी ती घरी आली, चप्पल काढली आणि थेट अण्णांच्या खाटेखाली वाकली. खाटेखाली पंचवीस वर्षं एक लोखंडी पेटी होती.

"ए, ए! त्याला हात लावू नकोस," अण्णा काठी आपटत म्हणाले.

पेटीत जर्मन मशीन होतं. अण्णांनी उमेदीची सगळी वर्षं कारखान्यांतली अवजड यंत्रं जमिनीला जखडण्यात घालवली होती. त्यासाठी काँक्रीटमध्ये भोकं पाडायची, आणि ती या मशीननं. कारखाना बंद पडताना कुणी खुर्ची नेली, कुणी घड्याळ. अण्णांनी हे उचललं. पुढे वर्षभर बाहेरची कामं केली. मग एक दिवस मशीन जळालं. व्होल्टेजनं खाल्लं, असं अण्णा सांगायचे. तेव्हापासून ते पेटीत होतं, आणि घरात त्याच्याविषयी मेलेल्या माणसाविषयी बोलावं तसं बोललं जायचं. तिच्या मोठ्या भावानं, दादानं, ते चालवायला शिकावं म्हणून अण्णांनी जिवाचा आटापिटा केला होता. दादा आता दूर कुठं बँकेत होता आणि फोनवर "भंगारात टाका ते" म्हणायचा. मुलीला शिकवायचा विचारही अण्णांच्या मनाला शिवला नव्हता.

"अण्णा, तुम्हाला खाली उतरायचंय की नाही?"

"उतरायचंय. पण ते मशीन तुझ्या हातचं नाही."

"आपण बघू."

"कंपनीनं याचे पार्ट बनवणं कधीच सोडलं. उघडशील आणि बसशील मांडीवर घेऊन."

"मग मांडीवर घेऊन बसेन," ती म्हणाली आणि पेटी बाहेर ओढली.

मशीन जड होतं, लहान मुलाएवढं. राखाडी अॅल्युमिनियमचं अंग, हिरव्या रंगाचे टवके, कडेला पत्र्याची पट्टी आणि तिच्यावर जर्मन अक्षरं. वायरचं रबर हात लावताच बिस्किटासारखं तुटलं. तिनं जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरली आणि त्यावर मशीन ठेवलं. अण्णा भिंतीकडे तोंड करून बसले.

चार स्क्रू निघाले, दोन निघेनात. तिनं त्यांच्या डोक्यांवर गरम इस्त्रीचं टोक टेकवून धरलं, मग तेल सोडलं, मग पेचकसावर हातोडीचा एक नेमका टोला. करर्र आवाज झाला आणि पहिला सुटला. दुसऱ्यानं तिला दोन दिवस झुलवलं. पुढचा गिअरचा भाग उघडला तर आतल्या ग्रीसचं डांबर झालेलं. चमच्यानं खरवडून काढावं लागलं. रॉकेलचा वास आठवडाभर घरातून गेला नाही. एकेक चाक, एकेक गोटी पुसून ती चादरीवर ओळीनं मांडायची आणि कागदावर चित्र काढून ठेवायची, कुठलं कुणाच्या शेजारी बसतं ते. अण्णा भिंतीकडेच बघत असायचे, पण काही खाली पडलं की आवाजावरून बोलायचे.

"ती गोल चकती आहे. टेबलाखाली बघ. उजवीकडे."

चकती उजवीकडेच असायची.

खरी गोष्ट निघाली ती मोटार उघडल्यावर. मोटारीचा फिरणारा भाग, आर्मेचर, तिनं पिशवीत घालून वर्कशॉपमध्ये नेला. जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून ती तपासायला बसली. चाचणीच्या यंत्रावर आर्मेचर ठेवलं, वर करवतीचं पातं धरलं आणि हळूहळू फिरवलं. पातं एका खाचेवर आलं की थडथडायचं. म्हणजे त्या खाचेतली तार आतल्या आत जळून एकमेकीला चिकटली होती. ठीक. सगळी तार काढायची, नवी भरायची. सत्तावीस वर्षांत हे तिनं किती हजार वेळा केलं होतं देव जाणे.

पण जुनी तार काढताना ती सवयीनं फेऱ्या मोजत होती. पहिल्या खाचेत चौतीस. दुसरीत चौतीस. तिसरीत एकतीस. चौथीत छत्तीस. ती थांबली. पुन्हा मोजलं. पाचवीत तेहतीस, आणि तारही जरा बारीक, दुसऱ्याच रिळावरची. वर वार्निश होतं, पण ब्रशनं फासलेलं, भट्टीत न भाजलेलं. हे कंपनीचं काम नव्हतं. कुठल्याही धंदेवाईक कारागिराचंही नव्हतं. कुणीतरी एकट्यानं, दिवा जवळ ओढून, चुकत, मोजणी विसरत, पुन्हा सुरू करत भरलेलं होतं ते. अशा मोटारीला जळायला व्होल्टेजची गरज नसते.

संध्याकाळी घरी आल्यावर तिनं चहा टाकला, कप अण्णांच्या हातात दिला आणि समोर बसली.

"अण्णा, याचं वाइंडिंग कुणी केलं?"

"कंपनीनं."

"कंपनीच्या फेऱ्या सारख्या असतात. हिच्या एका खाचेत एकतीस आहेत, दुसरीत छत्तीस."

अण्णांनी चहाचा घोट घेतला.

"मी," ते शेवटी म्हणाले. "पहिल्यांदा जळालं ते खरंच व्होल्टेजनं. मग मी भरलं. आठ दिवस बसलो होतो, तू कामावर गेलीस की. दोन भोकं पाडली आणि पुन्हा जळालं."

"मी तेव्हा दोन वर्षं हेच काम करत होते. याच घरात राहत होते."

"माहीत आहे."

"एक शब्द टाकला असता तर—"

"माहीत आहे म्हटलं ना!" अण्णांचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "मुलीला म्हटलं होतं, हा बायकांचा धंदा नाही, तारा गुंडाळून पोट भरत नाही. मग कुठल्या तोंडानं विचारणार होतो? म्हटलं, गेलं तर गेलं मशीन."

ती उठली. मोरीवर जाऊन उगाचच कप विसळत राहिली, स्वच्छ झालेला कप पुन्हा पुन्हा. राग आला होता, आणि नुसता राग असता तर सोपं होतं. हट्टापायी या माणसानं पोटापाण्याचं मशीन पंचवीस वर्षं खाटेखाली गाडलं होतं. आणि एकतीस फेऱ्यांवर मोजणी चुकून हताश झालेला सत्तावन्न वर्षांचा माणूसही तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता.

"आता मी भरतेय," ती आतूनच ओरडली. "आणि मध्ये बोलायचं नाही!"

अण्णांनी उरलेला चहा संपवला.

चार दिवसांच्या जेवणाच्या सुट्ट्यांमध्ये तिनं आर्मेचर भरलं. प्रत्येक खाचेत नवा इन्सुलेशनचा कागद, प्रत्येक खाचेत चौतीस फेऱ्या, ना एक कमी ना एक जास्त. वर्कशॉपचा मालक एकदा मागे येऊन उभा राहिला. "कुणाचं काम आहे?" त्यानं विचारलं. "माझं," ती म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून त्यानं पुढचा प्रश्न गिळला. आर्मेचर वार्निशमध्ये बुडवून भट्टीत भाजलं. तांब्याच्या पट्ट्यांचा गोल लेथवर हलकासा घासून घेतला. त्या गोलाला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे मोठ्या मापाचे मिळाले, ते पॉलिश पेपरवर घासून बसवले. नवी बेअरिंगं, नवी वायर.

घरी मशीन जोडून तिनं बटण दाबलं. मोटार गुणगुणली, मग सुरेल आवाजात फिरायला लागली. तिनं हसून अण्णांकडे पाहिलं. अण्णा आता भिंतीकडे तोंड करून बसत नव्हते, पण हसलेही नाहीत.

"फिरतंय. ठोकत नाही."

तिनं जुनी वीट पायाखाली धरून बिट टेकवलं. खरंच. नुसतं घासत होतं, घाव नव्हता.

"बोलू का?" अण्णांनी विचारलं.

"बोला."

"आत एक नळी आहे. नळीत पुढे-मागे होणारा दट्ट्या आणि त्याच्यापुढे एक सुटा ठोकळा. दोघांच्या मध्ये फक्त हवा. दट्ट्या हवा दाबतो, हवा ठोकळ्याला फेकते, ठोकळा बिटावर आदळतो. लोखंड लोखंडाला ठोकत नाही, हवा ठोकते. ठोकळ्यावर रबराची कडी असते. ती पाव मिलिमीटरनं जरी सैल असली तरी हवा निसटते."

"मी नळवाल्याकडची बसवलीय."

"म्हणूनच. नळाची कडी पाणी अडवायची असते, ती बसल्या जागी बसते. ही धावणारी हवी. आणि ग्रीस किती कोंबलंयस? हवेला जागा कुठं?"

तिनं पुन्हा सगळं उघडलं. हवेवर चालणाऱ्या छपाई यंत्रांची दुरुस्ती करणाऱ्या एकाकडे ती मोजपट्टी आणि ठोकळा घेऊनच गेली. त्याच्या डब्यातल्या साठ-सत्तर कड्या एकेक करून लावून पाहिल्या. एक बसली, बोटानं ढकललं तर सरकेल, सोडलं तर थांबेल अशी. घरी आल्यावर ग्रीस निम्मं केलं. मशीन जोडलं, बिट विटेवर टेकवलं, बटण दाबलं. वीट दुभंगली आणि खालच्या मजल्यावरून कुणीतरी छताला झाडू आपटला.

रविवारी सकाळी दहा वाजता तिनं जिन्यात मशीन आणलं. थंडी होती. तिसऱ्या मजल्यावरच्या दारात अण्णांची खुर्ची ठेवली, वायर घरातून ओढली, भिंतीवर खडूनं खुणा केल्या. खालपर्यंत पुरेल एवढा पाइप आणि तो भिंतीला धरून ठेवणारे आकडे वेल्डरकडून आदल्या दिवशीच आले होते. बातमी पसरायला वेळ लागला नाही. जिन्यात माणसं गोळा झाली, आणि सेक्रेटरीही धापा टाकत तीन मजले चढून आले.

"ताई, हे काय चालवलंय? परवानगी कुठाय?"

"भोक पाडून दाखवतेय. तुम्हीच म्हणाला होतात."

"ते मी गमतीनं—"

"वहीत गंमत असं लिहिलेलं नाही," खालून नर्सबाईंचा आवाज आला.

तिनं चष्मा लावला, मशीन खांद्याशी घेतलं, बिट खुणेवर टेकवलं आणि बटण दाबलं. मशीन फिरलं. नुसतं फिरलं. बिट भिंतीवर घसरत राहिलं, पांढरी भुकटीसुद्धा निघेना. पंधरा सेकंद. वीस. सेक्रेटरींनी हाताची घडी घातली. कुणीतरी फिस्सकन हसलं. तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. कडी गेली? आत्ताच? इथंच?

"थांबू नकोस!" वरून अण्णा गरजले. आठ महिन्यांत तो आवाज कुणी ऐकला नव्हता. "थंडीनं ग्रीस गोठलंय. चालू ठेव. अंग टाक त्याच्यावर. गरम होऊ दे!"

तिनं बटण सोडलं नाही. छाती मशीनच्या मुठीला टेकवली आणि सगळा भार टाकला. आणखी दहा सेकंद गेले. मग आत कुठंतरी एक ठोका पडला. मग दुसरा. मग धडधडधडधड असा एकच सूर लागला, पायऱ्या हादरल्या, आणि बिट त्या डोंगरात शिरलं. राखाडी पीठ धारेनं खाली गळायला लागलं. चार बोटं आत गेल्यावर तिनं मशीन बाहेर काढलं. भिंतीत स्वच्छ गोल भोक होतं, कडेला टवकासुद्धा नाही.

"टाळ्या राहिल्या तुमच्या," ती सेक्रेटरींना म्हणाली.

"मी नोटीस काढेन. कमिटीची भिंत आहे ही."

"काढा. तोवर दुसरं पाडते."

दुसऱ्या मजल्यापर्यंत पोचायला दीड तास लागला. तिथं ती थांबणार होती. घरातून ओढलेली वायर तिथवरच पोचत होती, उरलेला जिना पुढच्या रविवारी करायचा होता. ती वायर गुंडाळायला लागली तर नर्सबाई खालून एकेक पायरी चढत, भिंतीला तळवा घासत वर आल्या. त्यांच्या हातात खडू होता. येताना त्यांनी तळमजल्यापासून इथवर खुणा करून ठेवल्या होत्या.

"इथं थांबलीस तर अण्णा दुसऱ्या मजल्यावर येऊन काय करणार?" त्या म्हणाल्या. "आणि माझे गुडघे काय भाड्याचे आहेत? चल. वायर माझ्या घरातून लाव."

सेक्रेटरींनी तोंड उघडलं. नर्सबाईंनी फक्त त्यांच्याकडे पाहिलं; चौतीस वर्षं इंजेक्शन द्यायच्या आधी पाहत आल्या होत्या तसं. ते पायरीवरून बाजूला सरकले.

दुपारी तीनच्या सुमाराला शेवटचा बोल्ट आवळून झाला. तिच्या दोन्ही हातांना मुंग्या आल्या होत्या, केसांत काँक्रीट होतं. ती वर गेली तर अण्णा स्वच्छ शर्ट घालून, बटणं गळ्यापर्यंत लावून दारात उभे होते. तिनं दंड धरायला हात पुढे केला.

"बाजूला हो," ते म्हणाले. "पाइप कशाला लावलाय मग?"

ती मागे झाली. डाव्या हातात काठी, उजव्या मुठीत पाइप. एक पायरी, थांबा. एक पायरी, थांबा. वाटेत ते प्रत्येक आकडा हलवून बघत होते. एकही हलला नाही, याचं त्यांना थोडं वाईटच वाटलं असावं. खाली पोचायला वीस मिनिटं लागली. तिथं ते दारासमोरच्या उन्हात गेले आणि बाकावर बसले, घामाघूम, पण बसले.

सेक्रेटरी घरातून कागद घेऊन बाहेर आले. नोटीस खरंच तयार होती. त्यांनी ती अण्णांपुढे धरली.

अण्णांनी हात लावला नाही. "असं रस्त्यात देतात का नोटीस? रीतसर वर आणून द्या, तिसऱ्या मजल्यावर. धरून चढा, आता सोय आहे."

सेक्रेटरी वर गेले नाहीत. नोटीस दोन दिवसांनी टपालानं आली. तिनं उत्तरात नर्सबाईंच्या वहीच्या पानाची नक्कल जोडली आणि खाली लिहिलं की पाइप काढायचा असेल तर कमिटीनं यावं, भोकं कशी बुजवायची ते आम्ही सांगणार नाही. पुढच्या बैठकीत तो विषय 'नंतर' म्हणून ढकलला गेला, आणि नंतर कुणी काढला नाही.

पुढच्याच आठवड्यात शेजारच्या इमारतीतून एक बाई विचारत आली, "ते मशीनवाले कोण?" दार अण्णांनी उघडलं.

"मशीनवाली," ते म्हणाले. "कामावर गेलीय. सहानंतर या." आणि दार लावता लावता पुन्हा उघडून म्हणाले, "भाव तिलाच विचारा. पण ग्रीसचं काही असलं तर मला."